ओढ्यातले बिऱ्हाडकरू

१

सोपानतात्यानं आयुष्यात काय मिळवलं, असं वाडीत कुणालाही विचारा. जमीन बापाची, घर आज्याचं, पोरगा पुण्याला, पोरगी भोराकडं दिलेली, बायको रतन दोन-चार उन्हाळ्यांमागं वर गेलेली. तात्याची स्वतःची कमाई एकच, लोकांचं हसं करणं. निमगावच्या बाजारात त्यानं एका शेळीला चष्मा घालून 'शिकलेली हाय' म्हणून विकायला उभी केली होती. जोतीरामच्या हॉटेलात साखरेच्या बरणीत मीठ ओतणं हा तर त्याचा सकाळचा व्यायाम. तुम्हाला हसू येत असेल तर हसून घ्या. तो तुमच्या वाट्याला आला नाही म्हणून येतंय.

लासुर्ण्यावरून भवानीनगरकडं जाताना ही वाडी लागते. वाडीच्या खालून ओढा जातो आणि ओढ्याला लागून तात्याचं रान. तिथं दर महिन्याला बारामतीहून स्कूटीवर ज्योत्स्ना मॅडम यायची. कॉलेजात किड्यांचं शास्त्र शिकवायची. गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून ओढ्यात उतरायची, जाळी पाण्यात उभी धरायची आणि जाळीच्या वरच्या अंगाला पायानं तळ ढवळायची. जाळीत अडकेल तो गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये पालथा करायचा आणि वाकून बघत बसायचं. तात्या करंजाच्या सावलीत उकिडवा बसून हे सगळं फुकटात बघायचा.

"मॅडम, बाटलीत पाणी भरून न्यावं, काम भागलं. चिखल कशाला चाळताय?"

"बाटली त्या घटकेचं सांगते, तात्या. कालव्याचं आवर्तन सुटलं की तुमचा ओढा आंघोळ करून उभा राहतो, बाटली पास होते. तळातला किडा कुठं जात नाही. वर्षभर जे जे वाहून आलं ते त्याच्या अंगावरनं गेलेलं असतं."

"म्हंजी सून."

"काय?"

"घरात वरीसभर काय झालं ते सुनंला इचारावं. पाव्हण्याला न्हाय."

मॅडम हसली. पण ट्रेमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं. दर खेपेला तेच, लाल दोऱ्यासारख्या अळ्या, वळवळणाऱ्या. लाल अळी म्हणजे ओढा नापास. वरच्या अंगाला गुऱ्हाळं होती, गावाचं गटारही तिथंच सुटलेलं. पाणी चांगलं असतं तर काय दिसलं असतं, ते मॅडमनं एकदा मोबाइलवर दाखवलं. इवलासा किडा, आपल्या तोंडातल्या चिकट धाग्यानं वाळूचे कण, काडीचे तुकडे जोडून अंगाभोवती नळी बांधतो आणि ती ओढत हिंडतो.

"इंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा ह्यो," तात्या म्हणाला. "बिऱ्हाडकरू."

"घाणीत हा एक दिवससुद्धा काढत नाही," मॅडम म्हणाली. "हा सापडला की मी डोळे झाकून सही करीन."

त्या सहीवर बरंच अडलं होतं. ओढ्याच्या काठाला विहीर पाडून बौद्धवस्तीला नळ द्यायचा, असं पंचायतीत ठरून जुनं झालं होतं, पण पाणी चांगलं असल्याची मॅडमची सही पंचायतीला हवी होती. बाटल्या पास होत होत्या, अळ्या नापास करत होत्या. वस्तीतल्या बोअरला मचूळ पाणी. भानुदास तिथंच राहायचा. तात्याचा तालमीतला जोडीदार, यष्टीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभी हयात घालवलेला, आता घराला निळा रंग देऊन निवांत. निवांत म्हणजे तो. त्याची बायको अक्काबाई या वयात पाण्याचे जार उचलत होती.

आता तुम्हाला वाटेल, तात्यानं मित्रासाठी केलं. तसं असतं तर किती बरं झालं असतं. तात्यानं जोतीरामच्या हॉटेलात बसून एवढंच म्हटलं, "शिकल्याली बाई किती शिकल्याली हाय ती बगू," आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडं भोराला निघून गेला.

२

परतीच्या यष्टीत त्याच्या मांडीवर दुधाची किटली होती, तोंडाला ओलं फडकं बांधलेली. लेकीच्या गावच्या झऱ्यातले दगड उलटेपालटे करून त्यानं मूठभर बिऱ्हाडकरू गोळा केले होते. वाळूच्या, काड्यांच्या, सुबक नळ्या. लेकीनं, सुप्रियानं, विचारलं तर म्हणाला, कोंबड्यांना.

"काय हाय किटलीत?" कंडक्टरनं विचारलं.

"पाव्हणं."

"मग तिकीट काढा."

"काढलं असतं. पन त्यांचं घर त्यांच्यासंगच हाय, ते कुठं गेलंच न्हाईत. गेलंच न्हाईत तर तिकीट कसलं?"

अख्खी गाडी हसली.

मॅडम यायच्या सकाळी त्यानं किटली ओढ्यात ओतली. मग मॅडमनं तळ ढवळला, ट्रे भरला, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तात्याच्या पोटात हसू मावेना. करंजाची साल नखानं सोलत तो कसाबसा गप्प राहिला.

"हे कसं शक्य आहे," मॅडम स्वतःशीच म्हणाली. पण बाई पक्की. "एकदा सापडलं म्हणून सही करणार नाही. पुढच्या महिन्यात परत बघू."

तात्याला आणखी मौज वाटली. तोवर किडे मरून जाणार, मॅडमचं तोंड बघण्यासारखं होणार, मग सगळ्यांसमोर किटली काढून दाखवायची. गमतीला शेवट असतो, तो असा.

पुढच्या महिन्यात ट्रे भरला आणि तो पांढरा ट्रे दिसेनासा झाला. तात्यानं आणले होते मूठभर. इथं गाळापेक्षा नळ्याच जास्त. त्यांच्यामधून लाल अळ्याही वळवळत होत्या, सुखानं, शेजारधर्म पाळावा तशा. ह्या दोघांचं एका पाण्यात जमत नाही, हे मॅडमनंच सांगितलं होतं.

मॅडमनं चिमट्यानं एक नळी उचलून उन्हात धरली. "गंमतच आहे. वाळू नाहीच ही. तात्या, हा निळा रंग कसला असेल? भिंतीचा?"

तात्यानं बघितलं. रंगाचा पापुद्रा होता, नखाएवढाही नाही. चकचकीत, ऑइल पेंटचा. त्याच्या स्वतःच्या घराच्या दाराचा होता तसा.

जगात निळा रंग काय कमी आहे. वस्ती निळी, यष्टीचा थांबा निळा, बॅनर निळे. तात्यानं घरी जाताना एवढं सगळं मोजून मनाशी धरलं. मग दार बघितलं. गुडघ्याच्या उंचीवर एक पट्टा खरवडलेला होता, आडवा, सूत धरून ओढावा इतका सरळ.

"उंदीर," तात्या मोठ्यानं म्हणाला. घरात ऐकायला कोणी नव्हतं. उंबऱ्यावर भुगा बघायला तो वाकला. भुगा नव्हता. एक कपटासुद्धा नव्हता.

३

मॅडमनं सही केली. दोनदा सापडलं, दुसऱ्यांदा जास्त सापडलं, लाल अळ्या मागच्या घाणीच्या उरल्या असतील, शास्त्र आणखी किती थांबणार. पोकलेन आलं, विहीर पडली, मोटर बसली, पाइप पुरले गेले. वाडीत सरकारी काम एवढं चपळ झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

भानुदास पेढे घेऊन आला. दारात उभं राहून हाक मारायची त्याची सवय, तो आत आला नाही.

"सोपाना, आता अक्का म्हणती, नळाला पानी आलं की हंड्याची पूजा करते. मी म्हनलं, पूजा कसली करती, मोरी साफ कर."

"भानू, ऐक की," तात्या म्हणाला.

"बोल."

भानुदासच्या हातात पेढ्याचा पुडा होता आणि चेहरा तालमीत पहिली कुस्ती मारली होती तेव्हाचा. तात्यानं पेढा उचलला.

"साखर जास्त हाय," तो म्हणाला.

"तुझ्या जिभेवर मीठ हाय लेका, जोतीरामचं."

भानुदास हसत गेला. तात्या पेढा हातात धरून बसला. आधी सांगितलं असतं तर गंमत होती. आता सांगितलं तर काय होतं, त्याला त्यानं मनातसुद्धा नाव दिलं नाही.

घर त्या दिवसांत गप्प नव्हतं. स्वयंपाकघरात जमिनीत अर्धा पुरलेला रांजण होता, आज्याच्या काळचा, आता गावच्या नळानं भरायचा. दुपारी तात्या सोप्यात आडवा झाला की रांजणातून आवाज यायचा. खर्र. थांबून खर्र. पाट्यावर कुणी मीठ वाटतंय आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू वाटतंय, असा. तात्या उठून गेला की थांबायचा. येऊन पडला की सुरू.

मडकं तडकलं असेल. पाणी झिरपत असेल. किटली त्यानं ह्याच रांजणाच्या पाण्यानं विसळली होती खरी, पण विसळलेलं पाणी मागच्या दारी फेकलं होतं. फेकलं होतं ना? तात्याला किटली आठवत होती, तांब्या आठवत होता, मागचं दार आठवत नव्हतं.

रतनच्या रोजच्या बांगड्या त्यानं बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या. हिरव्या, साध्या, वापरून घासलेल्या. वर्षातून एकदा डबा उघडायचा, झाकायचा, एवढंच. त्या दिवशी त्यानं तो उगीचच फळीवरून काढला. हलका लागला. आत मूठभर वाळू होती, ओली. झऱ्याची असते तशी, स्वच्छ, धुतलेली.

तात्याला चोराचा राग यायला हवा होता. त्याला लाज वाटली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मांडीवरच्या किटलीत जीव घेऊन आपण हसत बसलो होतो, ते दुरून कुणीतरी दाखवावं तसं त्याला दिसलं. त्यांचं घर त्यांच्याबरोबर होतं, असं आपणच कंडक्टरला म्हणालो होतो. त्यानं डबा होता तिथं ठेवला, तोंड भिंतीकडं करून.

४

वस्तीतल्या नळाला पाणी सोडायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दुपारी तात्यानं रांजणात बघायचं ठरवलं.

स्वयंपाकघर अंधारं, पण कौलांमध्ये एक काच बसवलेली होती. माध्यान्हीला त्या काचेतून उन्हाची चकती खाली यायची आणि थोडा वेळ बरोबर रांजणाच्या तोंडात पडायची. रतन त्या उजेडात तांदूळ निवडायची. तात्यानं लाकडी झाकण सरकवलं आणि चकती आत उतरायची वाट बघत उभा राहिला.

आवाज चालू होता. ह्या खेपेला तो थांबला नाही.

ऊन पाण्यात उतरलं. तळाशी कुणीतरी शर्टाची फाटकी बाही टाकलीय, असं त्याला आधी वाटलं. मग बाहीवरची नक्षी दिसू लागली. निळा पापुद्रा, हिरवी काच, चुन्याचा खडा. पुन्हा निळा, पुन्हा हिरवी. एकाला एक लावून, मध्ये फट न ठेवता, रतन गोधडीला ठिगळं जोडायची तशा निगुतीनं. एका जागी पांढरं बटण होतं. तात्यानं अंगातला शर्ट चाचपला. पोटावरचं बटण नव्हतं. सकाळी लावलं होतं.

ती नळी दंडाएवढी जाड होती आणि रांजणाच्या पोटाला धरून वळत गेली होती. किती लांब, ते दिसत नव्हतं. तोंड मात्र वर होतं. त्या तोंडाच्या आत काहीतरी फिकट होतं. ते पुढं आलं.

त्याला डोळे होते, असं तात्या शपथेवर सांगणार नाही. पण त्यानं तात्याला बघितलं. आणि मग ते मागं सरलं. घाबरून नाही, झपकन नाही. चोरी उघडी पडलेला माणूस दारातून मागं सरतो ना, तोंड खाली घालून, हळूहळू, तसं.

उन्हाची चकती रांजणाच्या काठावर चढली आणि तळ काळा झाला.

तात्यानं झाकण घातलं. झाकणावर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा. मग तो अंगणात येऊन बसला आणि त्यानं ठरवलं. उद्या सगळ्यांदेखत सांगायचं. भानूनं थोबाडीत मारली तरी चालेल. मारावीच.

५

वस्तीत मांडव घातला होता. सरपंच अनिताताई आल्या, मॅडम आली, जोतीरामनं चहाचं पातेलं आणलं. नळाला झेंडूची माळ घातली होती. अक्काबाईनं घासून लख्ख केलेला हंडा नळाखाली ठेवला होता आणि ती तिथून हलायला तयार नव्हती.

"तात्या, तुमच्या बांधाला विहीर हाय," अनिताताई म्हणाल्या. "दोन शब्द बोला."

तात्या उठला. हात त्यानं पाठीशी घेतले.

"मंडळी," तो म्हणाला, "मॅडमला मी फसवलंया. ओढ्यात किडं नव्हतंच. भोरास्नं मी आणलं. किटलीत घालून, यष्टीनं."

  बोलता बोलता त्याला आपलाच आवाज ऐकू आला. तोच होता, शेळी विकतानाचा. भुवई आपसूक वर गेली होती, ओठ एका बाजूला वळला होता. उभ्या जन्मात त्यानं खरं बोलायला दुसरा आवाज बनवलाच नव्हता. आज कुठून आणणार?

मागून कोणीतरी फिसकलं, आणि मग सगळा मांडव हसला. अक्काबाई पदरानं डोळे पुसू लागली.

"फुल तिकीट काढलं का हाफ?" भानुदास ओरडला.

"हाफ," तात्याचं तोंड म्हणालं. ते त्याला विचारत नसे.

पुन्हा हशा. आणि तुम्हाला खरं सांगायचं तर तात्याला बरं वाटलं. थंडीत कुणी कांबळं टाकावं तसं ते हसू अंगावर आलं.

एकटी मॅडम हसली नाही. ती उठून त्याच्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तात्या, खरंच?"

तिनं विचारायला नको होतं. ती विचारेपर्यंत तात्याला म्हणता आलं असतं, मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. आता दार उघडं होतं आणि त्यातून फक्त त्यालाच जायचं होतं. त्यानं मॅडमकडं बघितलं. मग हंड्याकडं, अक्काबाईकडं, हसून लाल झालेल्या भानूकडं.

"तुमी बी मॅडम," तो म्हणाला. "शिकल्याल्या माणसानं कुनाचं बी असं खरं मानू न्हाय."

मॅडमनं मान हलवली. अनिताताईंनी तोटी फिरवली. आधी हवा सुटली, नळ खर्र करून खाकरला, थांबला, पुन्हा खर्र केलं. मग पाणी आलं. पोरं ओरडली.

"पयला पेला सोपानाला," भानुदास म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं भरून दिला.

तात्यानं पेला उजेडात धरला. नितळ होतं. तो सगळा प्याला. पाणी थंड आणि गोड होतं. वाईट असतं तर त्याला थुंकता आलं असतं.

६

त्या दिवसापासून रांजण गप्प झाला. तात्यानं कान देऊन ऐकलं, पाटा काढून ऐकलं, माध्यान्हीला चकतीची वाट बघून आत वाकून बघितलं. तळाशी पाणी आणि मातीचं मडकं, बाकी काही नाही. दारावरचा पट्टा पुढं सरकला नाही. दुपारची झोप लागायला लागली. ती लागते, ह्याची लाज वाटायची, आणि तरी लागायची.

मॅडम महिन्यानं आली. बूट चढवले, तळ ढवळला, ट्रे भरला. ट्रेमध्ये लाल अळ्या होत्या. फक्त लाल अळ्या.

"गेले कुठं सगळे?" ती म्हणाली. चिमट्यानं गाळ उलटापालटा करून तिनं बघितलं. मेलेली नळीसुद्धा नव्हती. मग तिनं करंजाखाली बसलेल्या तात्याकडं बघितलं, बराच वेळ. ह्या वेळी तिनं विचारलं नाही. "मी परत लिहिते पंचायतीला. पण आता चालू नळ कोण बंद करणार," म्हणाली आणि स्कूटीकडं गेली.

तात्या उठला तो थेट वस्तीत गेला. आज सांगायचंच, आणि एकट्या भानूला, मांडवात नाही. हसायला दुसरं कुणी नसलं की आवाज सापडेल, असं तो वाटेनं मनाशी घोकत होता.

भानुदास घराबाहेर भिंतीशी वाकलेला होता.

"ये, ये. बरा आलास. हे बघ की रं."

निळ्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, एक पट्टा खरवडलेला होता. आडवा, सरळ. आतला चुना दिसत होता.

"गेल्या दिवाळीला मारलाय रंग," भानुदास म्हणाला. "आन गंमत बघ, खाली भुगा न्हाय."

"मला वाटलं मीच झाडला आसंल," अक्काबाई आतून म्हणाली, "पर केरात बी कायच न्हाय बगा भावजी. आन ह्यांच्या शर्टाची बटनं कोन तोडतंय देव जाणं. बसा, च्या टाकलाय. नव्या नळाचा हाय."

"तुझ्या घरी असलं काय झालतं का कधी?" भानुदासनं विचारलं. वर बघून, सरळ, तालमीतल्यासारखं.

हसायला कुणी नव्हतं. आवाज जवळच होता, घशात, तात्याला तो लागत होता.

"उंदीर," तात्या म्हणाला. "उंदीर असत्यात."

"म्या बी त्येच म्हनतोय हिला."

अक्काबाईनं चहा आणला. तात्या ओट्यावर बसून प्याला. शेवटच्या घोटाला दाताखाली काहीतरी कचकन आलं. वाळू नव्हती. कडा होती, गुळगुळीत, काचेची, घासलेल्या बांगडीची असते तशी.

समोर मोकळं अंगण होतं, थुंकायला हवी तेवढी जागा होती. भानुदास त्याच्याकडं बघत होता. तात्यानं ते गिळलं आणि चहा छान झालाय म्हणून सांगितलं.